फिरत्या दवाखान्यातील शीतपेटी : बिघाड कसा ओळखावा?

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगाव व घाटंजी या तालुक्यांत कोलाम बांधवांची अनेक पोडे मुख्य रस्त्यापासून दूर वसलेली आहेत. अशा वस्त्यांवर वैद्यकीय सेवा द्यावयाची, तर डॉक्टर व परिचारिका यांच्यासोबत औषधेही गाडीनेच न्यावी लागतात. त्यांपैकी काही औषधांना थंडावा अत्यावश्यक असतो. धनुर्वात व रेबीज यांवरील लसी, न उघडलेले इन्सुलिन, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन ही सर्व २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागतात. २०२१ साली देशभर दिलेल्या कोविशील्ड व कोव्हॅक्सिन या लसींनाही हीच मर्यादा लागू होती.

या कामी गाडीच्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या फ्रिजचा, म्हणजे शीतपेटीचा, उपयोग होतो. पेटी बंद पडली तर औषधाचा रंग वा वास बदलेलच असे नाही. निकामी लस टोचली गेली, तरी बाळाला संरक्षण मिळाल्याच्या समजुतीने कुटुंब निर्धास्त राहते. म्हणून या साध्या भासणाऱ्या यंत्राचा विचार देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम औषध, मग यंत्र

पेटी बंद आढळताच झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा. बाहेरून दिसणाऱ्या तापमापकावरील आकडा व वेळ लिहून ठेवावी. आकडा ८ अंशांकडे सरकत असेल, तर औषधे आइसपॅक असलेल्या लसवाहकात हलवावीत. गावपातळीवरील लसीकरणासाठी लसवाहक हेच मान्य साधन आहे. शीतपेटी असली तरी तो गाडीत सज्ज असलाच पाहिजे. मात्र आइसपॅक फ्रीजरमधून काढून लगेच वापरू नयेत. हलविल्यावर आत पाण्याचा आवाज येऊ लागेपर्यंत थांबावे. हिपॅटायटिस-बी, धनुर्वात व पेंटाव्हॅलंट या लसी गोठल्यासही निकामी होतात.

बिघाड बहुधा पेटीबाहेर असतो

पेटी थंड होत नाही म्हटले की गॅस संपला असावा, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात प्रथम संशय घ्यावा तो बॅटरीपासून पेटीपर्यंतच्या वाटेवर.

पेटीवरील दिवाच लागत नसेल, तर फ्यूज, प्लग व सॉकेट क्रमाने पाहावेत. काही गाड्यांत किल्ली बंद करताच लायटरच्या सॉकेटचा प्रवाहही बंद होतो. गाडी शिबिराच्या ठिकाणी उभी राहिली की पेटी गुपचूप थांबते आणि परतीच्या वाटेवर पुन्हा सुरू होते. संध्याकाळी पाहणाऱ्यास काहीच बिघाड दिसत नाही.

दिवा लागतो, कॉम्प्रेसर क्षणभर घरघरतो आणि थांबतो, ही तक्रार अधिक फसवी असते. बॅटरी पूर्ण रिकामी होऊ नये म्हणून पेटीत रक्षक-व्यवस्था असते. १२ व्होल्टच्या अनेक कॉम्प्रेसरांत नेहमीच्या मांडणीनुसार दाब १०.४ व्होल्टपर्यंत उतरताच यंत्र बंद होते व ११.७ व्होल्ट मिळाल्यावरच पुन्हा चालू होते. ही मांडणी ‘उच्च’ स्थितीत ठेवली असल्यास यंत्र याहून बरेच आधी थांबते. येथे पेटी आपले काम योग्यच करीत असते. तिच्यापर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही, हा खरा दोष होय.

याचे गणित सोपे आहे. बॅटरीपासून पेटी ४ मीटर अंतरावर असेल, तर जाण्या-येण्याची मिळून ८ मीटर तार होते. तांब्याची तार १.५ चौरस मिलीमीटर जाडीची असेल, तर ५ अँपिअर प्रवाहाला सुमारे अर्धा व्होल्ट वाटेतच खर्च होतो. ६ चौरस मिलीमीटरची तार घातल्यास ही घट सुमारे ०.१२ व्होल्टवर येते. कॉम्प्रेसर सुरू होताना प्रवाह वाढतो, तशी घटही वाढते. त्यात सैल सॉकेट, टर्मिनलवर चढलेला पांढरा-हिरवा क्षार आणि गंजलेल्या पत्र्यावर कसलेली अर्थची तार यांची भर पडते.

म्हणून मापन करताना एक पथ्य पाळावे. पेटी बंद असताना मल्टिमीटर लावल्यास बॅटरी १२.६ व्होल्ट दाखविते व सर्व ठीक वाटते. कॉम्प्रेसर सुरू होत असतानाच दोन ठिकाणी माप घ्यावे : एक बॅटरीच्या टर्मिनलवर व दुसरे पेटीच्या प्लगपाशी. दोहोंत अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक असल्यास तार व जोड दुरुस्त करावेत. दोन्ही ठिकाणी दाब सारखाच खाली येत असेल, तर बॅटरी दुर्बल आहे. इंजिन चालू असताना सुमारे १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात. तेव्हा पेटी चालते आणि इंजिन बंद होताच थांबते, हेही त्याच दोषांचे लक्षण होय.

उन्हाळ्याची कसोटी

कॉम्प्रेसर अखंड चालतो, तरी पेटी थंड होत नाही, असे असल्यास बाहेरची उष्णता तपासावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे आपल्या जिल्ह्यास नवे नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील तापमान त्याहूनही चढते. उष्ण प्रदेशासाठी प्रमाणित केलेली शीतयंत्रेसुद्धा सामान्यतः ४३ अंशांपर्यंतच्या हवेसाठी तपासलेली असतात. गाडी सावलीत लावणे, पेटीच्या जाळ्यांभोवती मोकळी जागा राखणे, जाळीवरील धूळ ब्रशने काढणे आणि झाकणाचे रबर तपासणे हे उपाय विनाखर्चाचे आहेत. एवढे करूनही थंडावा येत नसेल, तरच गॅसची गळती समजून कारागिराकडे जावे.

बाजारातील स्वस्त व हलक्या पेट्यांत कॉम्प्रेसर नसतो. त्या थर्मोइलेक्ट्रिक पद्धतीच्या असतात व बाहेरच्या हवेपेक्षा साधारण २० अंशांनीच थंड होतात. ४५ अंशांच्या उन्हात आत २५ अंश राहत असतील, तर ती पेटी बिघडलेली नाही; ती या कामासाठी बनविलेलीच नाही. शिवाय यांतील कित्येक पेट्यांवर ‘गरम-थंड’ असे बटण असते. ते चुकून फिरल्यास आतील औषधे चक्क तापतात.

बॅटरीचा हिशेब

कडक उन्हात कॉम्प्रेसर ४ अँपिअर प्रवाहाने जवळजवळ सतत चालला, तर ८ तासांच्या शिबिरात ३२ अँपिअर-तास खर्च होतात. गाडीची बॅटरी ६० अँपिअर-तासांची असेल, तर निम्म्याहून अधिक साठा संपतो. संध्याकाळी गाडीच सुरू न होण्याचा धोका निर्माण होतो. एखाद्या अडलेल्या बाळंतिणीस त्याच गाडीतून न्यावे लागणे अशक्य नाही, हे ध्यानात घेतल्यास या हिशेबाचे मोल कळते. यास्तव पेटीसाठी स्वतंत्र, सीलबंद डीप-सायकल बॅटरी असावी. ती इंजिन चालू असताना भरली जावी व इंजिन बंद होताच मुख्य बॅटरीपासून आपोआप वेगळी व्हावी.

पेटी सुरू झाली, पण औषध सुरक्षित आहे काय?

लसकुपीवरील निदर्शकाचा आतील चौकोन बाहेरील वर्तुळापेक्षा फिका असेल, तरच ती लस वापरावी. दोहोंचा रंग एक झाला वा चौकोन अधिक गडद झाला, तर कुपी बाजूला काढावी. हा निदर्शक उष्णता सांगतो, गोठणे सांगत नाही. गोठल्याचा संशय असलेली कुपी त्याच उत्पादकाच्या व त्याच बॅचच्या, मुद्दाम गोठवून वितळविलेल्या कुपीसोबत हलवून शेजारी ठेवतात. दोहोंचा गाळ सारख्याच वेगाने बसल्यास संशयित कुपी टाकून द्यावी लागते. इन्सुलिन व ऑक्सिटोसिन यांवर असा निदर्शक सहसा नसतो. तेथे तापमानाची नोंदवही हाच एकमेव साक्षीदार. म्हणून रोज सकाळी व सायंकाळी, सुट्टीच्या दिवशीही, नोंद व्हावयास हवी.

एक विनंती

शीतपेटी देणगी म्हणून मिळते, तिच्यावर दात्याचे नावही कोरले जाते. जाड तार, स्वतंत्र बॅटरी, तापमापक, मल्टिमीटर आणि उन्हाळ्यापूर्वीची वार्षिक तपासणी यांसाठी मात्र क्वचितच कोणी पुढे येते. वस्तुतः यांवाचून पेटी निरुपयोगी ठरते. दात्यांनी पेटीसोबत या साहित्याचाही विचार करावा आणि विश्वस्त मंडळांनी त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद ठेवावी. वाहनचालकासही परिचारिकेप्रमाणेच तापमानाची नोंद घेण्याचे शिक्षण मिळावे. नातेवाइकांनी लस टोचण्यापूर्वी तापमापक व कुपीवरील निदर्शक दाखविण्याची विनंती निःसंकोच करावी. तो त्यांचा अधिकार आहे आणि त्या विचारणेने पथकाचे काम अधिक चोख होईल.