चवदार तळ्याची ओंजळ आणि लोकशाहीचा पाठ

 

आपण रिफात राहतो. पश्चिम रिफाची जुनी वस्ती हुनैनिया विहिरीच्या भोवती वाढली आणि ती विहीर गोड्या पाण्यासाठी ओळखली जायची. वाळवंटात पाण्याला चव असणे म्हणजे काय, हे इथे उन्हाळा काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. रायगड जिल्ह्यातल्या महाडच्या तळ्यालाही पाण्याच्या चवीवरूनच नाव पडले होते. त्या चवदार तळ्याचा इतिहास आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, इथेच आपली गोष्ट बहुतेक वेळा संपते. त्या ओंजळीच्या आधी काय झाले आणि नंतर काय झाले, ते आजच्या पाठात पाहू. लोकशाही कशी चालवायची याचे शिक्षण त्यात आहे.

कागदावरचा हक्क

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. त्याला धरून जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले.

म्हणजे १९२७ साली आपले लोक तळ्यावर गेले तेव्हा नियम त्यांच्या बाजूनेच होता. तरी तीन वर्षांत त्या तळ्यावर कोणी जाऊ शकले नव्हते. जनावरे पाणी पीत होती, परधर्माचे लोक भरत होते, फक्त अस्पृश्यांना बंदी होती.

जगातला दुसरा मोठा लढा याच्याशेजारी ठेवून पाहा. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्यांचे आणि काळ्यांचे पाण्याचे नळ, शाळा, बसमधल्या जागा वेगळ्या होत्या. दक्षिण आफ्रिकेत १९४८ पासून वर्णद्वेष हेच सरकारचे अधिकृत धोरण झाले. तिथे कायदाच माणसाच्या आडवा होता. महाडला ठराव माणसाच्या बाजूने होता आणि रूढी आडवी होती. म्हणून बाबासाहेबांची लढाई दुहेरी झाली. हक्क मिळवायचा होताच, मिळालेला हक्क बजावायचाही होता. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले, तेव्हा दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य त्यांनी आवर्जून दाखवले होते.

ओंजळीनंतरचा संयम

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुण कार्यकर्त्यांनी त्यासाठी गावोगाव फिरून मेहनत घेतली होती. अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे सवर्ण समाजातले सहकारीही सोबत होते. दुसऱ्या दिवशी हजारो लोक शिस्तीत चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्याले.

थोड्याच वेळात गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव आला. मंडपात जेवणाऱ्यांना, गावाकडे परत निघालेल्यांना गाठून मारले. आपल्या लोकांत लष्करातून निवृत्त झालेले पुष्कळ होते. त्यांचे हात शिवशिवत होते, फक्त बाबासाहेबांच्या शब्दाची वाट होती. बाबासाहेबांनी हात उचलू दिला नाही.

हा भित्रेपणा नव्हता. आपण समतेसाठी आलो आहोत, मारामारीसाठी नाही, हे त्या दिवशी सिद्ध करायचे होते. क्रोधाने क्रोध शमत नाही, हे आपण वंदनेनंतर अनेकदा ऐकतो. त्या संध्याकाळी महाडला रक्ताळलेल्या डोक्यांनी ते पाळले गेले.

पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. १०८ घागरी, शेण, गोमूत्र, दूध, दही आणि मंत्र. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला खुलेपणाचा ठरावही मागे घेतला.

तळ्याला वळसा, पाण्याला हात नाही

डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. परिषदेसाठी जागा द्यायला सवर्णांपैकी कोणी तयार नव्हते. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. पण त्याआधीच विरोधकांनी, तळे खाजगी मालकीचे आहे असे सांगत, महाडच्या कोर्टात दावा लावून मनाई हुकूम मिळवला होता.

आता काय करायचे? हजारो माणसे तुरुंगात जायच्या तयारीने आली होती. आणि समोर कोर्टाचा हुकूम होता. परिषदेत यावर चर्चा झाली, बोलणाऱ्यांपैकी अनेकांचे मत तळ्यावर जायचेच असे होते. अखेर बाबासाहेबांनी समजावून सांगितल्यावर निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब ठेवायचे ठरले. लोक मिरवणुकीने गावातून निघाले, तळ्याला वळसा घातला आणि पाण्याला हात न लावता परतले.

थोडा वेळ डोळे मिटून हे दृश्य मनासमोर आणा. मार्चमध्ये प्यालेले पाणी डिसेंबरमध्ये समोर दिसते आहे आणि माणूस स्वतःला थांबवतो आहे. पाणी पिण्यापेक्षा हे कठीण होते.

खटला चालू राहिला. खालच्या न्यायालयांत विरोधक हरले, ते उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची चाल अनादी काळापासून आहे, हे फिर्यादींना सिद्ध करता आले नाही. पहिल्या ओंजळीला दहा वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस कमी होते.

आज भारतीय संविधानाचे कलम १५ उघडून वाचा. विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही अटकाव करता येणार नाही, असे त्यात आहे. महाडच्या तळ्याचे पाणी त्या कलमापर्यंत पोचले आहे.

याचा धम्माशी संबंध

दिव्यावदानात आनंद आणि प्रकृतीची कथा आहे. तहानलेल्या भिक्खू आनंदांनी विहिरीवरच्या मुलीकडे पाणी मागितले. ती म्हणाली, मी मातंग कन्या आहे. आनंद म्हणाले, मी तुझे कूळ विचारले नाही, पाणी मागितले आहे. पाण्यावरून माणूस तोलायचा नाही, हा विचार आपल्या परंपरेत इतका जुना आहे.

लोकशाहीही आपल्याला परकी नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी भिक्खूसंघाचा दाखला दिला. संघात प्रस्ताव कसा मांडायचा, गणपूर्ती किती हवी, मते कशी मोजायची, याचे नियम होते. विनयपिटकात मतदानासाठी शलाका वापरल्याचे वर्णन आहे. महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांनी वज्जींच्या उन्नतीची कारणे सांगितली, त्यात पहिले कारण वारंवार एकत्र जमणे आणि दुसरे कारण एकोप्याने जमणे, एकोप्याने उठणे, एकोप्याने काम करणे हे आहे.

त्याच भाषणात बाबासाहेबांनी बजावले की सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल तर राजकीय लोकशाही टिकणार नाही. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तिन्ही एकत्रच हवीत. डिसेंबरच्या परिषदेत मोठी माणसेही थांबून एकमेकांचे ऐकत होती, मतभेद सभेत मिटवत होती आणि ठरलेले सर्वांनी पाळले. ती बंधुता होती.

आता आपल्याकडे पाहू

परदेशात आपल्याला कोणी पाणवठ्यावरून हाकलत नाही. तरी नव्या रूममध्ये गाववाल्याने पूर्ण नाव विचारले की आपल्यापैकी कितीजण आडनाव सांगताना क्षणभर थबकतात? ते थबकणे म्हणजे महाडची तीन वर्षे आहेत. हक्क आहे, पाऊल उचललेले नाही.

आणि आपण तरी काय करतो? शुक्रवारच्या भोजनदानात इंजिनिअर आणि लेबर कॅम्पमधून आलेला भाऊ एकाच पंगतीत बसतात का? लग्नाचे स्थळ पाहताना आपण पोटजात विचारतो का? सभेत ताईंनी मत मांडले तर ते इतिवृत्तात लिहिले जाते का? महाडलाच बाबासाहेबांनी स्त्रियांची वेगळी सभा घेऊन त्यांना मुलींना शिकवायला सांगितले होते. मत विरुद्ध गेले म्हणून पुढच्या बैठकीला न येणारे आपण, तळ्याला वळसा घालून परतलेल्यांचे वारस आहोत का?

हे प्रश्न कोणाला दुखावण्यासाठी नाहीत. लिहिणाऱ्यालाही यांतल्या एकदोन प्रश्नांना समाधानकारक उत्तर देता आलेले नाही.

पुढच्या धम्मवर्गासाठी

१. ठराव झालेला, पण अमलात न आलेला आपल्या मंडळाचा एखादा निर्णय आठवा. तो का अडला?
२. मार्चमध्ये पाणी घेणे आणि डिसेंबरमध्ये न घेणे, यांत विसंगती आहे का? तुमचे मत कारणासह मांडा.
३. या आठवड्यात वेगळ्या कॅम्पमधल्या, वेगळ्या भाषेच्या किंवा वेगळ्या पगाराच्या एका माणसासोबत जेवा. कूळ विचारू नका, पाणी आधी द्या.

मुलांना सोबत आणा. चवदार तळ्याची गोष्ट त्यांना ओंजळीपाशी थांबवू नका, १७ मार्च १९३७ पर्यंत सांगा.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!