रणगाडे कोणासाठी थांबले?



८ एप्रिल १९४८ चा दिवस. जम्मू भागात नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या डोंगरी रस्त्यावर आपले रणगाडे अडून बसले होते. त्यांना तोफा होत्या, जाड पोलादी चिलखत होते; पण पुढच्या रस्त्यात शत्रूने सुरुंग पेरले होते, मोठमोठी झाडे आडवी टाकली होती. वाट मोकळी करणारी माणसे रणगाडा दलातली नव्हती, पायदळातलीही नव्हती. मग ती कोण होती? हे समजायचे तर सैन्याची रचना पाहायला हवी.

दहापासून आठशेपर्यंत

पायदळातली सर्वांत लहान तुकडी म्हणजे सेक्शन. तीत साधारण १० जवान असतात. तीन सेक्शनांची एक प्लाटून आणि तीन प्लाटूनांची एक कंपनी होते. अशा चार कंपन्या आणि उखळी तोफांसारखी जड शस्त्रे बाळगणारी मदतनीस कंपनी मिळून बटालियन होते. तिलाच आपले जवान ‘पलटण’ म्हणतात. तिच्यात सुमारे ८०० माणसे असतात.

ही विभागणी तीन-चारांचीच का? गोळीबाराच्या धामधुमीत एका माणसाला तीन-चार जणांशीच नीट संपर्क ठेवता येतो, आठशे जणांशी नाही. म्हणून पलटणीचा प्रमुख कंपनी-प्रमुखांना हुकूम देतो, ते प्लाटूनच्या प्रमुखांना, आणि शेवटी तो दहा जणांच्या तुकडीपर्यंत पोहोचतो. पुढे साधारण तीन पलटणींची ब्रिगेड, तीन-चार ब्रिगेडींची डिव्हिजन आणि काही डिव्हिजनांची कोअर अशी चढती भाजणी असते.

‘कोअर’चे दोन अर्थ

इथे एक गंमत लक्षात ठेवा. वर सांगितलेली कोअर म्हणजे रणांगणावरची मोठी सेना. पण एकाच प्रकारचे कसब शिकलेल्या माणसांच्या दलालाही ‘कोअर’च म्हणतात. पूल बांधणारे व सुरुंग काढणारे अभियंता दल, संदेश पोचवणारे सिग्नल दल, अन्न व इंधन पुरवणारे सेना सेवा दल, वाहने आणि शस्त्रे दुरुस्त करणारे ईएमई दल आणि जखमींवर उपचार करणारे वैद्यकीय दल ही अशी दले आहेत.

यांची गरज किती, ते गणितानेच पाहा. समजा, एका जवानाला दिवसाला दीड किलो शिधा लागतो. तर ८०० जणांच्या एका पलटणीला रोज १,२०० किलो शिधा हवा. पाणी, डिझेल आणि दारूगोळा वेगळाच!

मग प्रत्येक पलटणीला स्वतःचे सुरुंगतज्ज्ञ आणि पूल बांधणारे का देत नाहीत? कारण असे कसब शिकायला वर्षे लागतात आणि त्याची गरज रोज पडत नाही. म्हणून ही माणसे एका दलात शिकवून तयार ठेवतात आणि गरज पडेल तिथे धाडतात. पलटणीसोबत राहणारा डॉक्टरही वैद्यकीय दलाचाच असतो. त्याची विद्या एका दलाची, पण सुखदुःख पलटणीबरोबर!

राण्यांची वाट

आता पुन्हा नौशेराच्या रस्त्यावर येऊ. रणगाड्यांसाठी वाट मोकळी करायला आलेली तुकडी बॉम्बे इंजिनिअर्सची होती. या दलाचे केंद्र आपल्या पुण्याजवळ खडकीला आहे. तुकडीचे प्रमुख होते कारवारजवळच्या चेंडिये गावचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे.

काम सुरू होण्याआधीच उखळी तोफांचा मारा झाला. तुकडीतले दोघे ठार झाले, राण्यांसह पाच जण जखमी झाले. राण्यांनी उरलेल्यांची पुन्हा जुळणी केली आणि कामाला हात घातला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनगनच्या माऱ्याखाली सुरुंग काढले, आडवी झाडे स्फोटाने उडवली, रणगाड्यांसाठी वळणरस्ता तयार केला. १० तारखेला दुपारी दोनच्या सुमारास रणगाडे चिंगसला पोहोचले.

राणे मात्र त्यांच्याबरोबर गेले नाहीत. ते मागेच थांबले, कारण मागून रसदीच्या गाड्या यायच्या होत्या. रणगाडा अडथळ्याला वळसा घालून गेला, तरी ट्रकला चांगला रस्ता लागतो. आणि ट्रक आला नाही तर इंधनावाचून रणगाडाही थांबतो. त्या दिवशी राणे अन्न आणि विश्रांतीवाचून रात्री नऊपर्यंत राबले. ११ तारखेला सकाळी अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. १२ तारखेला आपले सैन्य राजौरीत शिरले. राण्यांना परमवीर चक्र मिळाले.

करून पाहा

तुमच्या वर्गाच्या दोन दिवसांच्या सहलीची आखणी करा. दहा-दहा जणांचे गट पाडा. मग दोन याद्या लिहा : प्रत्येक गटाने स्वतः करायची कामे, आणि सर्व गटांसाठी मिळून एकाच जाणत्यावर सोपवायची कामे. प्रथमोपचार कोणत्या यादीत घालाल? आणि का?