चेंडू उजवीकडेच का पळतो?

प्रश्न : महाड एमआयडीसीत नोकरीला आहे. पोलादपूरला टेनिस बॉल क्रिकेट भरपूर खेळलो. आता साहेबांमुळे गोल्फची गोडी लागलीय. व्हिडिओ पाहून शिकतो, पण चेंडू उजवीकडे वळतो. शिक्षक लावायलाच हवा का? – एक वाचक, बिरवाडी

उत्तर : हवा, निदान सुरुवातीला तरी. तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरून चालतो. चेंडू उजवीकडे जातो म्हणून तुम्ही डावीकडे नेम धरत असणार. त्याने क्लब बाहेरून आत येतो, त्याचं तोंड उघडंच राहतं आणि चेंडू आणखी वळतो. उपायानेच दुखणं वाढतं! व्हिडिओला तुमचे हात दिसत नाहीत. शिक्षक मात्र आधी पकडच बघेल. डावा हात किंचित उजवीकडे फिरवून बसवायचा, वरून पाहताना मुठीची दोन-तीन हाडं दिसली पाहिजेत. क्रिकेटच्या हाताला हे अवघडल्यासारखं वाटतं, वाटू द्या.

सिडकोचं गोल्फ मैदान आपल्याच जिल्ह्यात, खारघरला आहे. महामार्गाने रोज जाणं जमणार नाही (त्या रस्त्याबद्दल न बोललेलंच बरं). पकड आणि उभं राहणं दुरुस्त करून घ्या, घरी आरशासमोर घोटा, मग पुन्हा दाखवून या. शिक्षकाकडे नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र आहे का, तेही विचारा. महागडा सेट इतक्यात नको. नियमाने १४ क्लब चालतात. तुम्हाला सध्या ७ नंबरचं आयर्न पुरे.