सेन्बेई घडते ती वाळवणात

अगं, तू टोक्योत सेन्बेई, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत चकत्या, करायला घेतलीस हे ऐकून फार बरं वाटलं. वरून करपल्या आणि आत चिवट राहिल्या म्हणून नाराज होऊ नकोस. माझ्याही तशाच व्हायच्या. मला हे काम सोका गावच्या एका आजीबाईंनी हाताला धरून शिकवलं. सैतामा प्रांतातलं सोका म्हणजे जुन्या निक्को रस्त्यावरचा एदोपासूनचा, म्हणजे जुन्या टोक्योपासूनचा, दुसरा मुक्काम. तिथल्या चहाच्या टपरीत न खपलेले तांदळाचे गोळे चपटे करून, वाळवून, भाजले आणि सेन्बेई जन्मली, अशी आख्यायिका सांगतात. त्यातलं ‘वाळवून’ तेवढं तू घाईत गाळलंस.

पिठात गल्लत करू नकोस. दुकानात तीन पाकिटं शेजारी शेजारी असतात. तुला हवं ते जोशिन्को, रोजच्या भाताच्या तांदळाचं. शिरातामाको आणि मोचिको चिकट तांदळाची. ओकाकी आणि आरारे हे सेन्बेईसारखेच खाऊ त्या तांदळाचे होतात. जोशिन्को धुऊन वाळवलेल्या तांदळाचं असतं, आपल्या मोदकाच्या पिठीसारखं. म्हणून तुझ्या हाताला ते परकं वाटणार नाही.

२०० ग्रॅम पिठात चिमूटभर मीठ घाल आणि साधारण १६० मिलिलिटर उकळतं पाणी थोडं थोडं करून ओत. गोळा किती मऊ हवा? जपानी बायका सांगतात, कानाच्या पाळीइतका. त्याचे चपटे तुकडे ओल्या फडक्यावर ठेवून २५ मिनिटं वाफव. मग गरम असतानाच ओल्या बत्त्याने कुटून गुळगुळीत होईपर्यंत मळ. इथे आळस केलास तर घडी जिथे राहील तिथेच चकती पुढे तडकते. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये दोन-तीन मिलिमीटर जाड लाट आणि वाटीने काप. जाडी सगळीकडे सारखी हवी.

आता वाळवण. आपल्याकडे पापड-कुरडया उन्हाळ्यात घालतात, तिथे मात्र हिवाळा धर. टोक्योच्या भागात डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी आणि ऊन स्वच्छ असतं. जूनमधल्या ‘त्सुयु’च्या पावसात हे काम काढूच नकोस. चकत्या जाळीवर पसर आणि कडा वळायच्या आत उलटत राहा. दोनेक दिवसांनी एक गालाला लावून बघ. गार लागली तर आत ओल आहे. वाळल्यासारख्या वाटल्या की रात्रभर बंद डब्यात ठेव. पोटातली ओल तेवढ्या वेळात वर येते आणि सगळीकडे सारखी होते. सकाळी पुन्हा काही तास ऊन दे. ओल कमी-जास्त राहिली की भाजताना एका बाजूला फोड येतो आणि दुसरी बाजू दगडासारखी राहते.

भाजताना हात थांबता कामा नये. मासा भाजावा सरदाराने आणि मोची (चिकट तांदळाची वडी) भाजावी भिकाऱ्याने, अशी जपानी म्हण आहे. सरदार मासा सारखा उलटत बसणार नाही, भुकेला माणूस मोची उलटल्याशिवाय राहणार नाही. सेन्बेईला हा भुकेला हात लागतो. आधी मंद आचेवर जाळीत नुसती गरम होऊ दे, मग आच वाढवून भराभर उलट. फुगायला लागली की जाड फडक्याने अलगद दाब. कारागीर यासाठी चिनीमातीचा ठोकळा वापरतात, त्याला ओशिगावारा म्हणतात.

शोयू, म्हणजे सोया सॉस, सगळ्यात शेवटी. आधी लावलास तर तांदूळ भाजायच्या आत तोच जळतो. दोन चमचे शोयूला एक चमचा मिरीन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू) घालून एक उकळी काढून ठेव. चकती जाळीवरून काढली की गरम असतानाच ब्रशने लाव आणि काही क्षण मंद आचेवर पुन्हा सुकव. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भर. सांदळल्या तर फेकू नकोस, जाळीवर परत शेक.

आणि भाजायला बसण्याआधी दोन चकत्या एकमेकींवर आपट. आजीबाई आधी कान द्यायच्या, मगच शेगडीकडे वळायच्या. ओल असली तर ‘थप्प’ असा आवाज येतो, वाळल्या असल्या तर ‘टक्क’. ‘टक्क’ ऐकू येईपर्यंत गॅस पेटवू नकोस, पोरी.