पन्नास वर्षांपुढील पिकाचा अंदाज

उभें पीक पाहून आणेवारी, म्हणजे हल्लींची पैसेवारी, ठरविण्याची रीत आमच्या वाचकांस परिचित आहे. परंतु जें पीक अद्याप पेरलेंच नाहीं, ज्याची जात कदाचित् अजून निर्माणही झाली नाहीं, त्याचा उतारा आज कसा वर्तवावा? हवामान पालटत चालल्यामुळें असे अंदाज वारंवार प्रसिद्ध होतात. त्यांवर कितपत विसंबावें, याचा विचार करूं.

इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें ब्रॉडबाल्क नांवाचें शेत आहे. लॉज व गिल्बर्ट यांनीं १८४३ सालीं तेथें गव्हाचा प्रयोग आरंभिला. निरनिराळ्या पट्ट्यांस निरनिराळीं खतें देऊन तो आजतागायत चालू आहे. ज्या पट्ट्यास कांहींच खत मिळत नाहीं, तोही एकरीं सुमारें ४ क्विंटल गहूं देत आला आहे. इतक्या वर्षांचे आंकडे हाताशीं असतां, रेघ तशीच पुढें ओढली कीं अंदाज तयार, असें कोणासही वाटेल. परंतु रोनाल्ड फिशर यांनीं १९२१ सालीं हे आंकडे तपासले, तेव्हां त्यांत तीन गोष्टी मिसळलेल्या आढळल्या : सालोसालचे चढउतार, जमिनीचा हळूहळू घटणारा कस, आणि तिसरा एक संथ फेर, जो कस घटण्यानें उलगडेना. त्याचें कारण त्यांस तणांत दिसलें. पुढें हातानें खुरपणी करणें अशक्य झालें, म्हणून १९२६ पासून शेताचे भाग पाळीपाळीनें पड ठेवावे लागले. १९६८ पासून आखूड काडाच्या जाती व मागाहून बुरशीनाशकें आलीं, आणि भरपूर खताच्या पट्ट्यांचा उतारा दुपटीवर गेला. १९६० सालीं ओढलेली रेघ सर्वस्वी चुकली असती.

म्हणून हल्लीं रेघ न ओढतां, ऊन, पाऊस, जमिनींतील ओल व नत्र यांचा रोजचा हिशेब मांडून गणकयंत्रावर पीक ‘वाढवितात’. १९१७ नव्हे, २०१७ सालच्या एका अभ्यासांत जगाचें सरासरी उष्णमान १ अंशानें वाढल्यास गहूं शेंकडा ६, भात ३.२ व मका ७.४ इतका घटेल, असें निघालें. मात्र त्यांत हवेंतील वाढत्या कार्बन डायऑक्साइडचा लाभ व सुधारलेल्या जाती धरल्या नव्हत्या. हा लाभ गहूं व भात यांस बराच होतो. मका व आपली ज्वारी यांस फारसा नाहीं. तो धरून अनेक गणितें एकत्र चालविलीं, तेव्हां २०२१ सालीं निराळेंच उत्तर आलें : धूर अनिर्बंध राहिल्यास शतकाअखेर मका शेंकडा २४ घटेल, गहूं १७ वाढेल. त्याच मंडळींच्या आधींच्या फेरींत मका जवळजवळ होता तेथेंच राहत होता!

आंकडा वाचतांना प्रथम पाहावें तें हें कीं, हिशेबांत काय धरलें व काय वगळलें. टोळ, तण व बाजारभाव बहुधा वगळलेलेच असतात. शिवाय ही जगाची सरासरी. आपल्या शिवारासाठीं गणित तपासावयाचें तर पैसेवारी पुरत नाहीं, कारण ती प्रमाण सांगते, वजन नव्हे. पेरणीची तिथि, पाऊस व खळ्यावरचें वजन हीं गटवार एका वहींत सालोसाल लिहिलेलीं हवींत.