पाठ 6 : कंबरेची माया

घरातल्या कपाटात चांगल्या कापडाच्या, पण कंबरेत सैल किंवा घट्ट झालेल्या म्हणून पडून असलेल्या पँटी किती आहेत, ते आधी मोजा. बहुतेक घरांत दोन-तीन तरी निघतात. त्यांत तुमचे पैसे अडकले आहेत. ते कसे सोडवायचे, ते या पाठात पाहू.

शिवणकामात टिपेच्या आत जे जादा कापड ठेवतात त्याला ‘माया’ म्हणतात. साठवलेल्या पैशालाही आपण मायाच म्हणतो! पुरुषांच्या साध्या पँटीची कंबरपट्टी बहुधा दोन तुकड्यांची असते आणि पाठीमागे मधोमध जोडलेली असते. तिथे माया ठेवलेली असते, ती याचसाठी की पुढे कंबर वाढवता-कमी करता यावी. पँट उलटी करून तिथली माया मोजा. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच कापड सोडता येत असेल, तर कंबर एकूण एक इंच वाढते. कमी करायची असेल तर दीड-दोन इंचांपर्यंत हरकत नाही. त्यापुढे गेलात तर मागचे खिसे एकमेकांच्या फार जवळ येतात आणि पँट विचित्र दिसते.

माप घेताना पँट घालून, पाठीमागचे जादा कापड चिमटीत धरून टाचणी लावा. चिमटीत एक इंच आला तर कंबर दोन इंच सैल आहे, कारण चिमटीतले कापड दुहेरी असते. इथेच घोळ होतो. शिंप्याला “एक इंच आत घ्या” असे मोघम सांगू नका. “34 ची 32 करा” असे सांगा.

घरी मशीन असेल तर हे काम स्वतःही जमते. मागचा मधला लूप काढा, कंबरपट्टीची आणि मागच्या शिवणीची टीप हळूहळू उसवा. खडूने नवी रेघ आखा. ती खाली निमुळती होत आसनाच्या वळणाआधी जुन्या टिपेत मिळाली पाहिजे. आधी कच्चा धावदोरा घाला, पँट घालून पाहा, बसून पाहा, मगच पक्की टीप मारा. या शिवणीवर बसताना ताण येतो, म्हणून टीप दुहेरी हवी. माया दोन्हीकडे उलगडून इस्त्री करा आणि लूप पुन्हा लावा. उरलेली माया कापू नका, आणि शिंप्यालाही तसे बजावून सांगा. वजन पुन्हा वाढले तर तीच कामाला येते.

जीन्सचे तसे नाही. तिची पट्टी बहुधा अखंड असते आणि शिवण दुमडून दुहेरी टिपेची असते, त्यामुळे वाढवायला माया नसते आणि कमी करायला मजुरी जास्त पडते.

आता हिशेब. दर गावोगावी वेगळे असतात, म्हणून हे आकडे फक्त उदाहरणादाखल घ्या. समजा, नवी पँट 900 रुपयांना मिळते आणि 36 महिने टिकते. म्हणजे महिन्याला 25 रुपये पडले. कंबर बदलायची मजुरी 80 रुपये. ती पँट पुढे 16 महिने चालली तर महिन्याला 5 रुपये. ती चारच महिने चालली तरी महिन्याला 20 रुपये पडतात, म्हणजे अजूनही फायदाच. तीन महिन्यांत फाटणार असेल तर मात्र मजुरी वाया. सोबत 60 रुपयांची चेनही बदलायची असेल, तर खर्च 140. अशी पँट निदान सहा महिने टिकायला हवी. म्हणून शिंप्याकडे जाण्यापूर्वी आसनाचे आणि मांडीचे कापड उजेडात धरून पाहा. झिरझिरीत दिसले तर त्या पँटीचा नाद सोडा.

शाळेच्या गणवेशात ही माया सर्वांत उपयोगी पडते. मुलाची पँट कंबरेत थोडी मोठी घ्या, माया न कापता आत घेऊन वापरा, पुढच्या वर्षी टीप उसवा. पायाची दुमडही तशीच सोडता येते. दुकानात किमतीच्या चिठ्ठीआधी पँट उलटी करून पाहा. माया नसलेली स्वस्त पँट मुलाच्या वाढत्या वयात महाग पडते.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. 900 ऐवजी 80 खर्च केले म्हणजे 820 रुपये वाचले, असे आपण मानतो. पण ते पाकिटातच राहिले तर महिनाअखेरीस सापडत नाहीत. त्याच दिवशी ते बाजूला काढा. पोस्टाचे आवर्ती ठेव खाते महिन्याला 100 रुपयांपासून उघडता येते, मुदत पाच वर्षांची. म्हणजे 820 रुपयांत अशा खात्याचे आठ हप्ते भागतात. 100 रुपयांचे हप्ते पूर्ण भरले तर मुद्दल 6,000 रुपये होते, वर व्याज. हप्ता चुकला तर दर 100 रुपयांमागे महिन्याला 1 रुपया दंड लागतो. कामासाठी अकोल्याहून सुरतला किंवा साताऱ्याहून बंगळूरला गेलात, तर खाते तिथल्या पोस्टात बदलून घेता येते.

स्वाध्याय : पडून असलेली एक पँट घ्या. तिची माया मोजा, जवळच्या शिंप्याचा दर विचारा, आणि ती किती महिने चालली तर मजुरी वसूल होईल ते वहीत मांडा.