हजरत याकूब (अ.) यांचे अश्रू आणि 'सब्र-ए-जमील'



कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील पहिले स्थानक म्हणजे शहाड. सकाळच्या गर्दीत येथून लोकल पकडणाऱ्या प्रत्येक मुलामागे घरात कोणीतरी दुआ करीत असते. एका पावसाळ्यात आमच्या वस्तीतील एक तरुण असाच कामावर निघाला आणि धावत्या लोकलमधून पडून मरण पावला. घरात कमावता तोच होता. जनाजाच्या वेळी त्याचे वडील ओक्साबोक्शी रडत होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "चाचा, रडू नका, सब्र करा." ते एकदम गप्प झाले. मला वाटले, माझे कर्तव्य पार पडले.

तीन-चार महिन्यांनी इशाच्या नमाजनंतर मशीद रिकामी झाल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "मौलाना, तुम्ही सांगितले म्हणून लोकांसमोर रडत नाही. पण रात्री सजद्यात डोळे थांबत नाहीत. माझे ईमान कमजोर झाले का?"

उत्तर देण्यापूर्वी मला माझी चूक कबूल करावी लागली. सब्रचा उपदेश करताना मी त्यांच्याकडून सब्र नव्हे, तर केवळ शांतता मागितली होती. त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून सूरह यूसुफ वाचली. तिथे त्यांना जे उत्तर मिळाले, तेच आज आपल्यासमोर ठेवीत आहे.

दोन मुलांचा वियोग सोसणारा पिता

हजरत याकूब (अ.) हे हजरत इसहाक (अ.) यांचे पुत्र आणि हजरत इब्राहीम (अ.) यांचे नातू. त्यांचेच दुसरे नाव इस्राईल, आणि त्यांच्याच वंशाला 'बनी इस्राईल' म्हणतात. पवित्र कुरआनातील 12वी सूरह, सूरह यूसुफ, ही 111 आयतींची मक्की सूरह आहे. ती आपण बहुधा हजरत यूसुफ (अ.) यांची कथा म्हणून वाचतो. परंतु विहीर, बाजार, तुरुंग आणि राजदरबार या साऱ्या प्रसंगांच्या मागे, दूर कनआनमध्ये, एक वृद्ध पिता वाट पाहत बसलेला आहे. आधी यूसुफ (अ.) गेले आणि पुढे त्यांचा धाकटा भाऊही मिसरमध्ये अडकला. हा वियोग किती वर्षांचा होता, याविषयी मुफस्सिरांमध्ये मतभेद आहेत. कुरआनाने वर्षे मोजलेली नाहीत. त्याने त्या पित्याच्या मनाची अवस्था मात्र सविस्तर सांगितली आहे.

पहिला धडा : सब्र म्हणजे भोळेपणा नव्हे

भावांनी यूसुफ (अ.) यांच्या सदऱ्याला खोटे रक्त लावून आणले आणि लांडग्याने त्यांना खाल्ल्याचे सांगितले. पित्याने ते खरे मानले नाही. हे तुमच्या मनाने रचलेले आहे, असे त्यांनी स्पष्ट सुनावले. त्यानंतर आपल्यासाठी आता सब्र-ए-जमील, म्हणजे सुंदर सब्र, हाच मार्ग असल्याचे सांगून अल्लाहचे साहाय्य मागितले (12:18). येथे क्रम लक्षात घ्यावा. आधी असत्याला असत्य म्हटले, मग सब्र स्वीकारला. आपल्यावर अन्याय झाला असेल, तर तो झालाच नाही असे भासवणे हा सब्र नाही. सत्य ओळखूनही जीभ आणि हात मर्यादेत ठेवणे हा सब्र आहे. अरबीत 'सब्र' या शब्दाच्या मूळ अर्थात रोखून धरणे, आवरणे ही कल्पना आहे.

दुसरा धडा : अश्रू सब्रच्या विरुद्ध नाहीत

दुसऱ्या मुलाची वार्ता आली, तेव्हाही त्यांनी पुन्हा सब्र-ए-जमीलचाच उच्चार केला आणि अल्लाह त्या सर्वांना माझ्याकडे परत आणील, अशी आशा व्यक्त केली (12:83). आणि लगेच पुढच्या आयतीत आपण काय वाचतो? ते लोकांपासून तोंड फिरवून यूसुफसाठी हळहळले आणि दुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाले (12:84). ज्यांच्या मुखी सुंदर सब्र होता, त्यांचेच डोळे रडून गेले. या दोन आयती शेजारी-शेजारी आहेत, हा योगायोग नव्हे.

याच आयतीत त्यांच्यासाठी 'कझीम' हा शब्द आला आहे. पाण्याने काठोकाठ भरलेल्या पखालीचे तोंड बांधणे, या अर्थाच्या धातूपासून तो बनला आहे. पखाल रिकामी आहे म्हणून ती सांडत नाही असे नव्हे. ती भरलेली आहे, पण तोंड बांधलेले आहे.

आपले लाडके पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम (रजि.) त्यांच्यासमोर शेवटचा श्वास घेत होते, तेव्हा आपल्या डोळ्यांतून अश्रू वाहिले. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी आश्चर्याने विचारले, तेव्हा ही दया आहे, असे आपण समजावले. डोळे रडतात, मन दुःखी होते, पण रब नाराज होईल असा शब्द आम्ही उच्चारणार नाही, हा त्या उत्तराचा आशय आहे (बुखारी). मर्यादा येथे आहे. गाल बडवणे, कपडे फाडणे आणि अज्ञानकाळासारखा आक्रोश करणे यांची मनाई आहे. अश्रूंची नाही.

तिसरा धडा : गाऱ्हाणे कोणाकडे न्यावे?

घरच्यांनाही त्यांचे दुःख जड वाटू लागले. यूसुफच्या आठवणीत तुम्ही स्वतःला संपवून टाकाल, असे मुले म्हणाली (12:85). 'आता पुरे, विसरा' हे वाक्य आपल्या घरांतही किती सहज बोलले जाते! पित्याने मुलांशी वाद घातला नाही. मी माझ्या वेदनेचे आणि दुःखाचे गाऱ्हाणे केवळ अल्लाहकडे मांडतो, असे त्यांनी सांगितले (12:86). अल्लाह'विषयी' तक्रार करणे ही बेसब्री आहे, पण अल्लाह'कडे' तक्रार करणे ही इबादत आहे. हजरत उमर (रजि.) फजरच्या नमाजमध्ये हीच आयत पढत असताना त्यांच्या हुंदक्यांचा आवाज शेवटच्या सफपर्यंत ऐकू आला, अशी नोंद इमाम बुखारी यांनी केली आहे. उमर (रजि.) यांचे ईमान कमजोर होते, असे कोण म्हणेल?

चौथा धडा : सब्र आणि प्रयत्न सोबत चालतात

डोळे गेलेले असताना हजरत याकूब (अ.) यांनी मुलांना काय आज्ञा दिली? जा, यूसुफ आणि त्याच्या भावाचा शोध घ्या आणि अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका (12:87). येथे शोधासाठी आलेला शब्द 'हिस्स' या धातूचा आहे. डोळे, कान आणि सर्व जाणिवा लावून शोध घेणे, असा त्याचा भाव आहे. त्याआधी धाकट्याला पाठवताना त्यांनी मुलांकडून अल्लाहच्या नावाने वचन घेतले होते (12:66). शहरात एकाच दरवाजाने न शिरता वेगवेगळ्या दरवाजांनी शिरा, असा सल्ला दिला होता. आणि लगेच हेही सांगितले होते की, अल्लाहच्या निर्णयापुढे मी तुमच्या काही कामी येऊ शकत नाही (12:67). तदबीरही केली आणि तवक्कुलही केले.

आमच्या परिसराने कठीण काळ अनेकदा पाहिला आहे. 26 जुलै 2005 रोजी उल्हास नदीचे पाणी घराघरांत शिरले. शेजारच्या मोहने येथील एन.आर.सी. कारखाना 2009 मध्ये बंद पडला आणि हजारो कामगारांच्या चुली अडचणीत आल्या. अशा वेळी 'अल्लाह मालिक आहे' असे म्हणून बसून राहणे म्हणजे सब्र नव्हे. पंचनाम्याची नक्कल मिळवणे, हक्काच्या थकबाकीसाठी अर्ज करणे, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी नवे काम शिकणे आणि रात्री उठून दुआ मागणे, हे सारे मिळून सब्र होतो. एक दरवाजा बंद झाला, तर दुसऱ्या दरवाजाने शिरावे, ही याकूब (अ.) यांचीच शिकवण आहे.

पाचवा धडा : सुख परतल्यावर मन मोठे ठेवावे

शेवटी यूसुफ (अ.) यांचा सदरा आला आणि पित्याची दृष्टी परत आली (12:96). एका सदऱ्याने दुःख आणले होते, दुसऱ्या सदऱ्याने आनंद आणला. मुलांनी गुन्हा कबूल करून माफीसाठी दुआ मागण्याची विनंती केली. इतकी वर्षे जाळणाऱ्या त्या मुलांना पित्याने झिडकारले नाही. मी माझ्या रबकडे तुमच्यासाठी क्षमा मागेन, असे वचन दिले (12:98). संकटाने माणूस कडवट झाला, तर संकट संपल्यावरही ते त्याच्या घरातच राहते.

आपले कर्तव्य

आपल्या मराठीत 'धीर' हा शब्द दोन प्रकारे वापरतात. धीर 'धरावा' लागतो आणि धीर 'देता'ही येतो. दुःखी माणसाला केवळ धर म्हणणे सोपे आहे, देणे कठीण आहे. हजरत जाफर (रजि.) शहीद झाल्याची बातमी आली, तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यांच्या कुटुंबासाठी जेवण बनवण्यास सांगितले (अबू दाऊद, तिर्मिजी). उपदेशाआधी अन्न पोहोचले. म्हणून मय्यतीच्या घरी जाल तेव्हा कमी बोला. त्या घरातील मुलांची फी, वृद्धांचे औषध, विधवेची कागदपत्रे यांपैकी एखादे काम उचला. आणि चाळीस दिवसांनी, चार महिन्यांनी पुन्हा जा, कारण तोवर इतरांचे येणे थांबलेले असते.

त्या रात्री 84वी आयत वाचून झाल्यावर चाचा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पैगंबरही रडले होते." आणि माझ्यासमोर, न लपवता, ते रडले. या वेळी मी त्यांना थांबवले नाही.

हे अल्लाह, ज्यांची घरे दुःखाने भरली आहेत, त्यांना सब्र-ए-जमील दे, त्यांच्या अश्रूंचा मोबदला दे, आणि आम्हाला त्यांचा आधार बनव. आमीन.